बीएस्सी फिजिक्सला ॲडमिशन घेताय? आधी फी, कर्ज आणि पगाराचा हिशोब मांडा

फिजिक्स घेतो म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "हे करून पुढे काय?" मुलं मग इस्रोचं नाव घेतात नाहीतर गप्प बसतात, आणि आईवडील एकतर इंजिनिअरिंगकडे ढकलतात किंवा पोराचं मन मोडायला नको म्हणून जे कॉलेज सांगेल ती फी भरायला तयार होतात. यापेक्षा एक संध्याकाळ काढा, एक वही घ्या, घरातले सगळे बसा आणि आकडे लिहा. ज्यांच्या घरात याआधी कोणी सायन्सची डिग्री केलेली नाही त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, बाकीच्यांनी माहीत असलेला भाग सोडून पुढे जा.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. फिजिक्समध्ये पैसा आहे पण तो उशिरा येतो. नुसत्या बीएस्सीवर मिळणारा पगार लहान असतो, त्याला एमएस्सी, नेट (कॉलेजात शिकवायला आणि पीएचडीसाठी उपयोगी पडणारी राष्ट्रीय परीक्षा), एखादी सरकारी परीक्षा, बीएड किंवा कोडिंग असं काहीतरी जोडलं की मग तो वाढतो. म्हणून कर्ज किती काढायचं हे नुसत्या बीएस्सीच्या पगारावरून ठरवा. पुढे एमएस्सी करीन, पीएचडी करीन, परदेशात जाईन हे सगळं करा, जरूर करा, पण त्या न आलेल्या पगारावर आज सही करू नका.

पायरी १: खरा खर्च किती ते काढा

कॉलेजच्या ऑफिसात गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: ही तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही असू शकतात आणि फीमध्ये मोठा फरक असतो. अनुदानित तुकडीत प्राध्यापकांचा पगार सरकार देतं त्यामुळे वर्षाची फी काही हजारांत भागते. प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत तीच डिग्री लाखात जाते.

मग फीच्या पलीकडचं लिहा. डिपॉझिट, परीक्षा फी, जर्नल आणि लॅबचा खर्च, रूम, मेस, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप. आणि फी दरवर्षी वाढते का, वाढली तर किती, हेही विचारा, कारण ब्रोशरवर फक्त पहिल्या वर्षाचा आकडा असतो.

ओळखीतल्या एका मुलीचं उदाहरण देतो, सातारा जिल्ह्यातली आहे, बारावीला चांगले मार्क. तिच्यासमोर दोन पर्याय होते. एक, घरापासून एसटीने जाण्यासारखं अनुदानित कॉलेज, फी, पास, पुस्तकं सगळं धरून वर्षाला साधारण २५ हजार. दुसरा, पुण्यातली एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, फी दीड लाख आणि होस्टेल-मेस ९० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. तीन वर्षांचे अनुक्रमे ७५ हजार आणि ७ लाख २० हजार. वडील म्हणाले वर्षाला ४० हजार मी घालतो, बाकीचं लोन काढू. म्हणजे लोन वर्षाला २ लाख, एकूण ६ लाख. हे ६ लाख लक्षात ठेवा, पुढे यांचं काय होतं ते बघायचंय.

पायरी २: कर्जाच्या आधी स्कॉलरशिप

हा भाग लोक घाईत उरकतात आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात, म्हणून जरा थांबून वाचा.

फिजिक्स, केमिस्ट्री, गणित अशा मूळ विज्ञानाच्या मुलांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर स्कॉलरशिप आहे. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार थेट मुलाच्या खात्यात आणि २० हजार उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी. बारावीला आपल्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात यावं लागतं. फॉर्म बीएस्सीला ॲडमिशन झाल्यावर भरायचा असतो आणि भरपूर पात्र मुलं तो भरतच नाहीत कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ६० हजार गुणिले तीन म्हणजे १ लाख ८० हजार. वरच्या अनुदानित कॉलेजचा सगळा खर्च भागून एक चांगला लॅपटॉप आणि एमएस्सीच्या तयारीला पैसे उरतात. केव्हीपीवाय नावाची जुनी स्कॉलरशिप मात्र बंद झालीय, कोणी त्याचे क्लास विकत असेल तर घेऊ नका.

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा, एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. कोणत्या योजनेत तुमचा कोर्स आणि तुमची तुकडी बसते ते कॉलेजातल्या स्कॉलरशिपच्या क्लार्ककडून पक्कं करून घ्या. २०२४ पासून मुलींना १०० टक्के फी माफ हे सगळ्यांनी ऐकलंय, पण तो निर्णय व्यावसायिक कोर्ससाठी आहे, साध्या बीएस्सीला तो आपोआप लागू होईल असं धरून बसू नका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, हे सगळं मे महिन्यातच तयार ठेवा, जूनमध्ये तहसील आणि सेतूवर रांगा असतात.

आणि ज्यांना खरंच संशोधनात जायचंय त्यांनी बारावीतच आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांचा विचार करावा. पुण्यात आयसर आहे (ॲडमिशन आयएटी परीक्षेतून), भुवनेश्वरला नायसर आणि मुंबईत कलिना कॅम्पसमध्ये त्याच धर्तीची सीईबीएस ही संस्था (या दोघांची परीक्षा नेस्ट). नायसर आणि सीईबीएसच्या मुलांना अणुऊर्जा विभागाची दिशा स्कॉलरशिप मिळते, वर्षाला ६० हजार आणि वर उन्हाळी प्रोजेक्टसाठी २० हजार. पाच वर्षांत मास्टर्सच हातात येते, त्यामुळे प्रायव्हेटला ७ लाख घालवण्याआधी या परीक्षा एकदा तरी द्याच.

पायरी ३: पगाराचा खरा आकडा शोधा

"हायेस्ट पॅकेज १२ लाख" असा फ्लेक्स दिसला तर तो वाचून विसरून जा. तो एका मुलाचा आकडा आहे, कदाचित कॉम्प्युटरच्या मुलाचा.

त्याऐवजी हे करा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेणारी कॉलेजं त्यांनी भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये टाकतात, बऱ्याचदा अगदी तळाला एनआयआरएफ अशी छोटी लिंक असते. ती उघडा आणि तीन वर्षांच्या यूजी म्हणजे पदवी कोर्सचा तक्ता शोधा. एका ओळीत दिसेल: पहिल्या वर्षाला किती मुलं होती, वेळेत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मीडियन पगार किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याचा पगार, त्यामुळे एखाद्याच्या मोठ्या पॅकेजने तो फुगत नाही. हा आकडा अख्ख्या कॉलेजचा असतो, फक्त फिजिक्सचा नसतो, आणि तो फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, हे ध्यानात ठेवून वाचा. नोकरी लागलेले ४० आणि पास झालेले ४०० असतील तर तो पगार चाळीस जणांचा आहे.

मग फिजिक्स डिपार्टमेंटला जा. एचओडी सरांना किंवा मॅडमना सरळ विचारा की गेल्या तीन बॅचमधली मुलं आज कुठे आहेत, किती एमएस्सीला गेली, जॅम म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतून तिथे कोणी लागलं का. चांगल्या डिपार्टमेंटमध्ये हे तोंडपाठ असतं, नावं सांगतात, काही तर फोन लावून देतात. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी चहा पीत बोला, लॅबमध्ये प्रॅक्टिकल खरंच होतात का हेही तिथेच कळेल.

पायरी ४: बीएस्सीनंतरच्या वाटा, पैशाच्या नजरेने

फक्त बीएस्सीवर ज्या चांगल्या सरकारी नोकऱ्या आहेत त्यांची माहिती फार कमी घरांत पोचते. एअरपोर्ट ॲथॉरिटीची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलरची भरती इंजिनिअरबरोबर बीएस्सीवाल्यांनाही खुली असते, मूळ पगारच ४० हजारांपासून सुरू होतो, भत्ते वेगळे, वयाची अट २७. पण अट नीट वाचा, डिग्रीमध्ये फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतं! नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडीचा विषय) निवडताना मुलं गणित अवघड म्हणून सोडून देतात आणि तिथेच हा दरवाजा बंद होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की फिजिक्स मेजर असेल तर मायनर गणितच घ्या, पुढे जॅमलाही तेच उपयोगी पडतं.

एनपीसीआयएल (अणुवीज बनवणारी सरकारी कंपनी) आणि बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्र) बीएस्सीवाल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनी, सायंटिफिक असिस्टंट अशी भरती निघते, डिग्रीला ६० टक्के लागतात. अलीकडच्या जाहिरातींत ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी महिना २४ हजार आणि दुसऱ्या वर्षी २६ हजार स्टायपेंड होता, मग ३५,४०० मूळ पगाराच्या लेव्हलवर नेमणूक. एनपीसीआयएलचं तारापूर अणुवीज केंद्र आपल्या पालघर जिल्ह्यातच आहे. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटच्या जागा एसएससीतर्फे (दहावीचं बोर्ड नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) निघतात, २०२२ला ९९० निघाल्या होत्या. या भरत्या दरवर्षी येत नाहीत, त्यामुळे एकाच जाहिरातीची वाट बघत दोन वर्षं घरी बसणं परवडत नाही.

शिक्षक व्हायचं असेल तर बीएड, मग टेट-टीएआयटी (शिक्षक पात्रता आणि अभियोग्यतेच्या परीक्षा) आणि पवित्र पोर्टल (राज्याची ऑनलाइन शिक्षक भरती). निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन, माध्यमिकला १८ हजार आणि ज्युनिअर कॉलेजला २० हजार (२०२३च्या आधी हे ८ आणि ९ हजार होतं, विचार करा), त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. ज्युनिअर कॉलेजला एमएस्सी लागतं. दुसरीकडे लातूर, नांदेड, पुणे इथे नीट-जेईईच्या क्लासेसना फिजिक्स शिकवणाऱ्याची कायम गरज असते आणि ज्याला शिकवता येतं तो सरकारी भरतीपेक्षा लवकर कमवायला लागतो, मात्र तिथे नोकरीची शाश्वती नाही आणि सीझनमध्ये उसंत मिळत नाही.

आयटीत विप्रोसारख्या कंपन्या बीएस्सीवाल्यांना घेऊन नोकरीबरोबर एमटेक करून देतात. सुरुवातीला स्टायपेंड कमी आणि काही वर्षांचा करार असतो, तो करार सही करण्याआधी घरी आणून वाचा, मध्येच सोडलं तर किती पैसे परत द्यायचे ते त्यात लिहिलेलं असतं. पायथॉन, स्टॅटिस्टिक्स आणि लॅबमधली डेटा हाताळायची सवय असलेला फिजिक्सचा मुलगा इथे नीट टिकतो.

संशोधनाच्या वाटेवर सगळ्यात लांब चालावं लागतं पण कर्ज लागत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. जॅम देऊन आयआयटीत एमएस्सी, मग नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पीएचडीला महिना ३७ हजार आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२ हजार. पुण्याच्या आयुकासारख्या (खगोलशास्त्राची संस्था) संशोधन संस्थांतल्या पीएचडीसाठी जेस्ट ही प्रवेश परीक्षा आहे. २०२४पासून चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्याला एमएस्सी न करताही नेट देता येते. आणि एक वाट मी आवर्जून सांगतो, मेडिकल फिजिक्स. एमएस्सी फिजिक्सनंतर बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला की कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात काम मिळतं. रेडिएशन देणाऱ्या प्रत्येक केंद्राला पात्र मेडिकल फिजिसिस्ट ठेवणं एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि काम असं की तुमच्या डोसच्या हिशोबावर पेशंटचं आयुष्य अवलंबून असतं.

परदेशाचं थोडक्यात: अमेरिकेत फिजिक्सच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड असतो, त्यामुळे घर गहाण टाकून तिथे फिजिक्सचं एमएस करायची गरज सहसा नसते. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही पण ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात.

पायरी ५: आता कर्जाचा हिशोब

त्या मुलीच्या ६ लाखांकडे परत येऊ. व्याज १० टक्के धरू. एज्युकेशन लोनला कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, त्याला मोरॅटोरियम म्हणतात, आणि लोकांना वाटतं तोपर्यंत व्याजही नाही. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं! पहिल्या वर्षी २ लाखांवर २० हजार, दुसऱ्या वर्षी ४ लाखांवर ४० हजार, तिसऱ्या वर्षी ६० हजार आणि थांबलेल्या चौथ्या वर्षी अजून ६० हजार. झाले १ लाख ८० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ७ लाख ८० हजार असतं.

हे दहा वर्षांत फेडायचं तर महिना जवळपास १०,३०० रुपये, एकूण १२ लाख ३७ हजार. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ८,४०० च्या आसपास येतो पण एकूण १५ लाखांच्या वर जातात. आता नुसत्या बीएस्सीवर हातात महिना १८ हजार येतात असं धरा (तुम्हाला पायरी ३मध्ये वेगळा आकडा मिळाला असेल तर तो घाला). १८ हजारातून १०,३०० गेले की पुण्यात रूम आणि मेससाठी ७,७०० उरतात. नाही भागत.

म्हणून उलटं मोजा. माझ्या मते हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. १८ हजाराचा पाचवा हिस्सा ३,६००. दहा वर्षं, १० टक्के व्याज, म्हणजे दर लाखाला हप्ता साधारण १,३२०. ३,६०० ला १,३२० ने भागलं की २ लाख ७० हजार येतात, ही हप्ता सुरू होतानाची रक्कम. त्यात मोरॅटोरियमचं व्याज मिसळलेलं आहे, ते काढलं की प्रत्यक्ष उचलायचं कर्ज तीन वर्षांचं मिळून दोन लाखांच्या आसपास. घरून काही पैसे येत असतील आणि पगार जास्त असेल तर थोडं वाढवा, पण सहा लाख या हिशोबात कुठूनही बसत नाहीत. त्या मुलीने एसटीचं कॉलेज घेतलं, मायनरला गणित घेतलंय, आणि वडिलांचे वर्षाचे ४० हजार यायचे त्यातले उरलेले १५ हजार दरवर्षी पोस्टात टाकतायत.

पायरी ६: तरीही कर्ज लागणार असेल तर

सरकारी बँकेत जा, पतसंस्था आणि पर्सनल लोन शेवटी. ४ लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि इतक्या रकमेला स्वतःचे पैसेही घालावे लागत नाहीत, आईवडील सहकर्जदार म्हणून लागतात. शाखेत कोणी एफडी किंवा सोनं मागितलं तर नम्रपणे लेखी कारण मागा.

पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. त्यात उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के व्याज सवलत आहे, पण फक्त यादीतल्या, एनआयआरएफमध्ये वर असलेल्या संस्थांसाठी. पूर्ण व्याजमाफीची जी योजना आहे ती साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला आणि टेक्निकल-व्यावसायिक कोर्सना, बीएस्सी फिजिक्स त्यात धरू नका.

सँक्शन लेटर म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र हातात आलं की या गोष्टी पेनाने अधोरेखित करा: व्याजदर फ्लोटिंग (मध्येच बदलणारा) आहे का, मोरॅटोरियम नक्की कधी संपतो, विम्याचा हप्ता कर्जातच घातलाय का, आणि मुलगा एमएस्सीला गेला तर मोरॅटोरियम वाढतो का. शेवटचं तोंडी चालत नाही, लेखी घ्या. मुलींना काही बँका अर्धा टक्का कमी लावतात, मागितल्याशिवाय कोणी सांगेल याची खात्री नाही. शक्य असेल तर शिकतानाच महिन्याचं व्याज भरत राहा. वरच्या सहा लाखांच्या उदाहरणात तसं केलं तर हप्ता १०,३०० वरून ७,९०० वर येतो आणि एकूण एक लाखाच्या वर वाचतात, शिवाय काही बँका असं करणाऱ्याला व्याजात एक टक्का सूट देतात. इन्कम टॅक्समध्ये ८०ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच, आणि कर्ज बँकेचं किंवा मान्य वित्तसंस्थेचं असेल तरच.

पायरी ७: दरवर्षी जूनमध्ये वही परत उघडा

पहिलं वर्ष संपलं की दुसऱ्या वर्षाचं लोन उचलण्याआधी बघा: मार्क कसे आहेत, फिजिक्स आवडतंय का, स्कॉलरशिप आली का. आली असेल तर तेवढं लोन कमी उचला, मंजूर झालंय म्हणून सगळं उचलायलाच पाहिजे असं काही नसतं. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे ज्याला एमएस्सी करायचीय त्याने दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत अभ्यासाला लागावं, आणि एमएस्सीची फी, राहणं आणि तेव्हाचं बाकी कर्ज यांचं वेगळं पान त्याच सुट्टीत वहीत करून ठेवावं.